पालिओ १.६ घ्यावी का? २००३ ची, गडहिंग्लजजवळ शेडमध्ये उभी आहे, काम बरंच निघणार

शहापूरकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूरला राहतो. घरी अल्टो आहे आणि रोजच्या कामाला ती पुरते, पण डोक्यात किती वर्षं एकच गाडी बसलीय ती म्हणजे फियाट पालिओ १.६, १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० बीएचपीवाली. २००१ ला आली तेव्हा मी शाळेत होतो, सचिन तिची जाहिरात करायचा, आमच्या गल्लीत एक डॉक्टर होते त्यांनी घेतलेली आणि त्या गाडीचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज मला अजून आठवतो. आता एक सापडलीय. गडहिंग्लजच्या पुढं एका गावात उसाच्या फडाला लागून पत्र्याचं शेड आहे तिथं उभी आहे. एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, २००३ मॉडेल, सेकंड ओनर. मालक म्हणतात २०२२ पर्यंत चालवली, मग हीट मारायला लागली, गावातल्या मेस्त्रीनं हात लावला नाही म्हणून उभी केली ती केलीच. पासिंग २०१८ ला एकदा रिन्यू केलेलं ते २०२३ ला संपलं. ९० हजार मागतायत, बोलून कमी होतील.

वरवर बघितली. बॉनेटचा रंग पांढरा पडलाय, पुढचा उजवा फेंडर जरा वेगळ्या लाल रंगाचा वाटतो, टायर बसलेत, आतलं डॅशबोर्ड आणि सीटा मात्र चांगल्या आहेत. इंजिन चालू केलेलं नाही. सगळं धरून साडेतीन लाखाच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. रविवारी चोर्ला किंवा आंबोलीला जाऊन यायचं एवढीच अपेक्षा. जाणकारांनी सांगा काय काय बघू आणि केए-२२ म्हणजे बेळगावचा नंबर करायला काय लागेल.

तिसरं_गेट
भावा स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. स्पोर्टी जुनी गाडीच पाहिजे तर होंडा सिटी १.५ व्हीटेक बघ, २००० ते २००३ मधली. १०६ बीएचपी, वजनाला हलकी, वरच्या आरपीएमला जी ओढते ती पालिओला जमत नाही. आणि मुख्य म्हणजे पार्ट मिळतात. फियाटनं इकडं गाड्या विकायचं बंद करून वर्षं झाली, रांजणगावच्या प्लांटमधून आता जीप निघतात. छोटा सेन्सर गेला तरी तू महिनाभर फोन करत बसशील. नाहीतर फोर्ड आयकॉन १.६ रोकॅम बघ, तिला टायमिंग बेल्टच्या जागी चेन आहे, एक काळजी कमी.

फियाट_कोल्हापूर
सिटी चांगलीच आहे, त्यात वाद नाही, पण ज्याला पालिओ पाहिजे त्याला सिटी देऊन भागत नाही. पालिओचा जो पत्रा आणि जे सस्पेन्शन आहे ते त्या किमतीत नंतर कुणी दिलं नाही. निपाणीच्या पुढं तवंदी घाटातल्या वळणाला ही गाडी ८० ला जशी बसून जाते तशी माझ्याकडं असलेली नवी गाडी जात नाही. ॲव्हरेज विचारू नका, गावात ८-९ देते, हायवेला १२ च्या आसपास.

पार्टचं सांगतो. दरवाजे, काचा, लोअर आर्म, लिंक रॉड, हँडल, पॉवर विंडोची बटणं हे १.२ पालिओ आणि फियाटच्याच सिएना, पेट्रा यांचं बरंचसं लागतं, म्हणजे स्क्रॅपमधून मिळतं. पुढचे मागचे दिवे घेताना मात्र बघून घ्या, एनव्ही आणि स्टाइल या नंतरच्या पालिओंचे वेगळे आहेत. अडचण फक्त १.६ इंजिनच्या स्वतःच्या पार्टची. त्यासाठी मुंबईला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि बंगळूरचा जेसी रोड. फोनवर सांगून पार्ट मागवू नका, जुना पार्ट पिशवीत घालून न्या आणि शेजारी धरून बघा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. हे मोठ्या अक्षरात वाचा. गाडी उभी असली तरी बेल्टचं रबर म्हातारं होतच असतं. चालू करून दाखवतो म्हणून कुणी किल्ली फिरवली आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम तिथंच दुप्पट होतं. मालकाला आजच फोन करून सांगा, बॅटरी लावून स्टार्ट मारायचा नाही.

निपाणीची_ताई
मी गाड्यांच्या इन्शुरन्स आणि आरटीओचीच कामं करते, दोन्हीकडची, त्यामुळं कागदाचं मी सांगते. सगळे इंजिनवर बोलतायत पण तुमचा सौदा कागदावर अडणार आहे.

तुमची गाडी २० वर्षांच्या पुढची आहे. पासिंग संपलेल्या गाडीला एनओसी, म्हणजे दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र, मागायला जाऊ नका, आधी कोल्हापुरात रिन्यूअल करून घ्या, फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला रिन्यूअलची फी १० हजार झालीय, १५ ते २० मधल्या गाडीला ५ हजार आहे. त्यावर उशिराचे महिन्याला ५००. म्हणजे २०२३ पासूनची नुसती दोन वर्षं धरली तरी १२ हजार होतात. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि पीयूसी. हे सगळं कुणी भरायचं ते किमतीच्या बोलण्यातच ठरवा, नंतर "ते तुम्ही बघून घ्या" असं होतं.

दुसरं असं की रिन्यूअलला गाडी इन्स्पेक्शनला उभी करावी लागते. ब्रेक, हॉर्न, दिवे, वायपर, हँडब्रेक, टायर सगळं चालू पाहिजे, नंबर प्लेट एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटीवाली पाहिजे. म्हणजे तुम्ही गाडी आधी बेळगावला आणून नीट करू म्हणाल तर ते उलटं पडेल. निदान चालण्याइतपत काम महाराष्ट्रातच करायचं, पासिंग करून घ्यायचं, मग एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि मग बॉर्डर ओलांडायची. इकडं आल्यावर फॉर्म २९, ३० नाव बदलायला, २७ नवीन नंबरला, ३३ पत्त्याला. नाव बदलायचा अर्ज घेणाऱ्यानं ३० दिवसांत करायचा असतो. एमएच नंबरवर इकडं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स वेगळा भरायचा, जुन्या गाडीला वय बघून कमी बसतो. तिकडं भरलेल्या टॅक्सचा काही परतावा निघतो का हे कोल्हापुरात एनओसीच्या वेळीच विचारा.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. सेकंड ओनर आहेत, पहिल्या मालकाचं लोन फिटलेलं असतं पण आरसीवरून उतरवलेलं नसतं असं फार वेळा निघतं. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागेल. ई-चलन ऑनलाइन बघून घ्या.

शहापूरकर
ताई खरंच आभार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी टेम्पोत घालून थेट बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल इस्टेटला आणायच्याच विचारात होतो. एक विचारतो, दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्या बंद केल्या तसं इकडं होणार का? वडील तेच घेऊन बसलेत.

निपाणीची_ताई
ते दिल्ली आणि एनसीआरपुरतं आहे. आपल्याकडं फिटनेस पास झाला की पाच पाच वर्षांनी रिन्यू होते. व्हिंटेजमध्ये मात्र तुमची बसणार नाही, त्याला ५० वर्षं लागतात.

चंदगडी
शेडात हुबी केलेली गाडी म्हणजे पयल्यांदा उंदीर बघायचे. आमच्याकडं ऊस तुटला की फडातले सगळे उंदीर शेडात येतात, आणि गाडीच्या वायरीवर त्यांचा लई जीव. बॉनेट उघडून फ्यूज बॉक्सचं झाकण काढा, खाली पाचट साठलेलं दिसलं की समजायचं. वायरिंग खाल्लेलं आसल तर किंमत तिथंच पाडा, वायरिंगवाला चांगला मिळणं मेस्त्री मिळण्यापेक्षा आवघड हाय.

आणि पत्रा. आमच्या चंदगड, आंबोली, खानापूर पट्ट्यातला पाऊस माहीत हाय न्हवं. चार म्हयने गाडीखालची जमीन वाळत न्हाई. वरनं चकचकीत दिसती आणि खाली बोट घातलं की पापुद्रा निघतो. गोव्याची गाडी आसती तर मी बघायलाच जाऊ नका म्हटलो आसतो, समुद्राची हवा पत्रा सोडत न्हाई. गडहिंग्लज त्यामानानं कोरडं, म्हणून आशा हाय.

उद्यमबागवाला
मी मशीन शॉपमध्ये आहे, हेड आणि ब्लॉकची कामं रोज येतात, म्हणून इंजिनबद्दल बोलतो. इंजिनला घाबरू नका. बेळगावात बसून इंजिनला घाबरायचं कारणच नाही, इथं फाउंड्री आहेत, बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग म्हणजे हेडचा तळ सपाट करणं, गाइड बसवणं, सगळं एका इस्टेटीत होतं. एखादा बुश मिळत नसला तर मापावर टर्न करून देणारे लेथवाले आहेत. लोखंड परत घडवता येतं. कुजलेला पत्रा आणि अडकलेला कागद घडवता येत नाही. तेव्हा बघायला जाताना क्रम उलटा लावा, आधी कागद, मग खालचा पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी.

पत्रा असा बघायचा. जॅक लावायची जागा, रनिंग बोर्ड म्हणजे दारांच्या खालचा पत्रा, पुढच्या स्ट्रटचे टॉवर, आतलं कार्पेट उचलून पायाखालचा पत्रा, डिक्कीत स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं ठोकत जायचं, चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी म्हणजे पुट्टी भरलीय. तुमचा तो उजवा फेंडर बदललेला असला तर काही नाही, फेंडर बोल्टचा असतो. त्याच्या मागं चेसीचा जो भाग आहे तो सरळ आहे का, वेल्डिंग मारलंय का ते बघा. ॲक्सिडेंट तिथं दिसतो.

चेसी नंबर आरसीशी जुळवा, इंजिन नंबरही. टिंकरिंगला म्हणजे पत्र्याच्या कामाला गाडी दिली की पेंटरला बजावून ठेवा की त्या नंबरवर ग्राइंडर फिरवायचा नाही आणि पुट्टी भरायची नाही. आरटीओला पेन्सिलनं प्रिंट घ्यावी लागते, नंबर पुसट झाला तर सगळी गाडी तिथंच अडकते.

हीट मारायची म्हणाले म्हणजे बहुतेक हेड वाकलंय किंवा गॅस्केट गेलंय. ऑइलची कॅप उघडा, आत पिवळसर लोण्यासारखा साका दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल आहे त्यापेक्षा वर दिसली तरी तेच. रेडिएटरमध्ये गंजाचं लाल पाणी असलं तर कूलंट न घालता नळाचं पाणी घातलेलं आहे, मग वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटही धरा. इंजिन हातानं फिरतं का बघा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीला पाना लावून हळू फिरवायचं. जाम असलं तर जोर लावायचा नाही, तशीच ठेवा.

तिसरं_गेट
हे सगळं बरोबर आहे पण खर्च कुणीच धरत नाही. पासिंगचे पंचवीस हजार, टायर, बॅटरी, ब्रेक, बेल्ट किट, हेड, सस्पेन्शन, वायरिंग, मग पेंट. तीन लाखाला पोहोचलीच. तेवढ्यात चालू स्थितीतली सिटी येते आणि वर पैसे उरतात.

फियाट_कोल्हापूर
हिशोब बरोबर आहे तुमचा. पण चालू स्थितीतली म्हणून घेतलेल्या जुन्या गाडीलाही टायर, बेल्ट, ब्रेक, सस्पेन्शन हे वर्षाच्या आत लागतंच, फक्त ते आधी दिसत नाही. उघडलेल्या गाडीत आपण काय घेतोय ते तरी समोर असतं.

शहापूरकर
मंडळी, काल जाऊन आलो. अंगोलचा माझा मित्र आहे मेस्त्री, त्याला बरोबर घेऊन गेलो. सविस्तर लिहितो म्हणजे पुढं कुणाला उपयोग होईल.

कागद आधी बघितले. आरसी स्मार्ट कार्ड आहे, बोजा नाही, पहिल्या मालकाच्या बँकेचं पत्रसुद्धा प्लॅस्टिकच्या फाइलीत जपून ठेवलेलं. मालक निवृत्त शिक्षक आहेत, २००९ पासूनच्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणं लावलेल्या. चेसी नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला. चलन एकही नाही.

मग कार्पेट. ड्रायव्हर बाजूचं कार्पेट उचललं तर खालचा फोम ओला, बोटानं दाबला की पाणी यायचं. मित्र म्हणाला संपलं. पण फोम कापून बाजूला केला आणि खालचा पत्रा पुसला तर कंपनीचा रंग तसाच, एका बाजूला रुपयाएवढा गंज, तोही वरवरचा. पाणी येत होतं ते काचेच्या खालच्या बाजूनं, तिथं पानं साठून पाणी जायची वाट बुजली होती, मित्रानं हातानं मूठभर कुजकी पानं काढली. स्टेपनीचा खड्डा कोरडा. उजवा रनिंग बोर्ड मागच्या बाजूला बद्द वाजला, वीतभर तुकडा कापून नवा घालावा लागेल. फेंडर बदललेला आहे, मागची चेसी सरळ आहे, म्हशीला धडकली होती असं मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं.

चंदगडी भाऊ, उंदीर होतेच. फ्यूज बॉक्सच्या खाली पाचटाचं घरटं, इंजिनच्या हार्नेसच्या वायरी उघड्या पडल्यात पण तुटलेल्या दोनच दिसल्या. केबिनमधलं वायरिंग शाबूत.

ऑइल कॅपखाली पिवळा साका आहे. रेडिएटरमध्ये लाल पाणी. इंजिन मात्र हातानं फिरलं, सर पाठीमागं उभे होते, पुली फिरली तसे "अजून जिवंत हाय" म्हणाले आणि घरात चहा सांगायला गेले. मागचे ब्रेक जाम, क्लच सुटत नाही, पेट्रोलचा वास वार्निशसारखा.

किती म्हणू?

उद्यमबागवाला
घ्या. साका आहे म्हणजे गॅस्केट किंवा हेड, ते आपल्या हातातलं काम आहे. पत्रा तुम्ही सांगताय तसा असेल तर एवढी स्वच्छ बॉडी परत मिळणार नाही. ते लाल पाणी आजच काढून टाकायला सांगा. टाकीतलं पेट्रोल पण सगळं काढायचं, टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघायची, गंज असला तर धुवायची. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल, गिअरबॉक्स उतरवताना समजेल.

निपाणीची_ताई
सरांशी लिहून घ्या, बाँडवर. ॲडव्हान्स किती, रिन्यूअल कुणाच्या खर्चानं, एनओसी हातात आल्यावर बाकीची रक्कम. पूर्ण पैसे आत्ता देऊ नका, आणि सरांच्या बाजूनंही बघा, नाव बदलेपर्यंत गाडीचं काही झालं तर त्यांच्यावर येतं, त्यांना ते भय असणारच. थर्ड पार्टी आधी काढा.

चंदगडी
साठला घ्या. सर मानसं कळणारे वाटतात, लई घासू नका.

शहापूरकर
ठरलं. ६२ हजार. रिन्यूअलची फी आणि दंड निम्मे निम्मे, तसं लिहून झालं, २० हजार ॲडव्हान्स दिले. सर म्हणाले गाडी चालवायला घेणारा मिळाला म्हणून देतोय, स्क्रॅपवाला दोनदा येऊन गेला होता.

आता ताईंनी सांगितलेल्या क्रमानं जाणार. गाडी तिथल्याच एका गॅरेजला टेम्पोनं नेऊन ठेवलीय. आधी ब्रेक, दिवे, वायरिंग, टायर, बेल्ट. हेडचंही आत्ताच करावं लागणार, त्याशिवाय कोल्हापूरपर्यंत जाणार नाही. तिथला मेस्त्री हेड उतरवून देईल, फेसिंगला मी बसनं बेळगावला घेऊन येतो. पेंट कधी करू? तो म्हणतो पासिंगच्या आधीच मारून टाकू, चांगलं दिसेल.

फियाट_कोल्हापूर
आधी नको. पासिंगला रंगाची चमक कुणी बघत नाही. आणि आपल्या भागात पेंट पावसाळ्याच्या तोंडावर काढायचा नसतो, हवेत ओल असली की रंगाखाली पाणी अडकतं आणि वर्षात फोड येतात. पावसात मेकॅनिकल करा, दसरा झाला की टिंकरिंग, दिवाळीनंतर रंग. त्या रनिंग बोर्डाचं वेल्डिंग झालं की आतून वॅक्स मारायला विसरू नका, बाहेरून रंगवून आत तसंच सोडतात आणि तिथूनच परत सुरू होतं. रंग बदलायचा मोह असला तर आरसीवर नोंद करावी लागते, लालच ठेवा.

बेल्ट बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, मजुरी एकच लागते. लोअर आर्मचे बुश रबरचेच घाला. लेथवर टेफ्लॉनचे करून देतो म्हणणारे भेटतील, टिकतात ते, पण आपल्या रस्त्यावर सगळा दणका बॉडीत येतो.

उद्यमबागवाला
एक राहिलं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलून टाका, टाकीपासून इंजिनपर्यंत, इंजेक्टरच्या ओ-रिंगसकट. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं आहे, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, माझी तक्रार नाही, पण पाइप इथेनॉलला चालणारा मागून घ्या. आणि गाडी महिना महिना उभी ठेवायची असली तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते.

हेड आणाल तेव्हा व्हॉल्व्ह काढू नका, तसंच आणा, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जागेचा ते मला बघायचंय. आधी प्रेशर टेस्ट करू, तडा नसला तरच फेसिंग. पट्टी ठेवून फिलर गेजनं किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजतो आणि लागेल तेवढंच काढतो, जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि मग नॉकिंग. हेड बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, ते कुर्ल्याहून मागवायला आत्ताच सांगून ठेवा. गॅस्केट पण.

शहापूरकर
बोल्ट आणि गॅस्केटचं आज सांगितलं, आठवड्यात येतील म्हणाले. हेड सोमवारी उतरतंय. मंगळवारी दुपारी तुमच्याकडं चालेल का?

उद्यमबागवाला
मंगळवारी इकडं लाइट नसते. बुधवारी सकाळी या, आणि जुनं गॅस्केट फेकू नका, बरोबर आणा. कुठं फाटलंय ते त्यावरून कळतं.